कोकणातले आकाशनिरीक्षण मंडळ : दुर्बीण घेण्याआधी

गुरुजी, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातल्या आपल्या किनाऱ्यावरच्या गावात शाळेची पंधरा-वीस मुले आणि काही तरुण मंडळी मिळून आकाशनिरीक्षणाचे मंडळ काढायचे ठरले आहे, माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी ४० हजार रुपये जमवून दिले आहेत, आणि त्यातून कोणती दुर्बीण घ्यावी हे आपल्याला विचारायचे आहे. शिवाय चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट हवा असताना हा उद्योग कोकणात टिकेल का, अशी शंका गावातल्याच एका जाणत्या गृहस्थांनी काढली आहे. रत्नागिरीच्या आसपास बावीस वर्षे असेच एक लहानसे मंडळ चालवल्यानंतर पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘सध्या कोणतीच नको’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर, ‘टिकेल, पण पुण्या-मुंबईच्या मंडळांचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलून आणलात तर टिकणार नाही’ असे आहे.

आता मे महिना संपत आला आहे. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जाईल, सगळे गाव पेरणीच्या गडबडीत असेल, आणि ज्या मृगाच्या नावाने आपण पावसाची वाट पाहतो तो मृग त्या दिवसांत आकाशात दिसणारच नाही, कारण सूर्य त्याच्याच शेजारी असतो. मुलांना सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे आणि तिला दुर्बीण लागत नाही. आत्ता विकत घेतलेले यंत्र मात्र दसऱ्यापर्यंत खोक्यात पडून राहील, आणि कोकणातल्या पावसाळ्यात काचेच्या वस्तूचे काय होते याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे.

आमची पहिली दुर्बीण आम्ही मोठ्या कौतुकाने शाळेच्या लोखंडी कपाटात, मूळच्या थर्माकोलच्या खोक्यासकट, जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली. ऑक्टोबरात कपाट उघडले तेव्हा आधी तो ओला, कुबट वास आला. मग नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायची भिंगांची नळी, उजेडाकडे धरली तर काचेच्या आत, एका कडेपासून मध्यापर्यंत, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक तंतू पसरलेले दिसले. ती बुरशी होती. वरची काच पुसून ती जात नाही, कारण ती दोन भिंगांच्या मधल्या फटीत शिरलेली असते. भिंगे खोलून स्वच्छ केली तरी तिने काचेवरच्या लेपावर कोरलेली नक्षी कायम राहते. त्या नेत्रिकेतून आम्ही पुढची दोन वर्षे चंद्र पाहिला, आणि प्रत्येक नव्या माणसाला चंद्राभोवतीचे ते धुके ढगांचे नाही हे समजावून सांगितले.

तेव्हापासून आमची सगळी भिंगे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत असतात, आणि प्रत्येक डब्यात ओल शोषली की रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे एका सुती पुरचुंडीत ठेवलेले असतात. रंग बदलला की स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या कढईत मंद आचेवर ते परतून कोरडे करायचे आणि पुन्हा डब्यात ठेवायचे. पावसाळ्यात हे काम साधारण दर पंधरा दिवसांनी येते. त्यासाठी एका मुलाचे किंवा मुलीचे नाव ठरवून द्या, कारण ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचे’ असे ठरले की कोणीच ठेवत नाही. थर्माकोल, कापड आणि चामड्याच्या पिशव्या ओल धरून ठेवतात, म्हणून त्या पहिल्याच दिवशी काढून टाकाव्यात. समुद्राकाठी वापरलेली दुर्बीण घरी आणल्याबरोबर झाकण लावून ठेवू नये. दव सुकेपर्यंत ती घरात उघडी, पण तोंड खाली करून ठेवावी, आणि मगच डब्यात घालावी. आरशावर खारे कण बसले तर ते कापडाने पुसण्याचा मोह टाळावा, कारण मिठाचा कण काचेवर घासला की ओरखडा उमटतोच. डिस्टिल्ड वॉटर ओघळू द्यावे आणि आरसा उभा करून वाळवावा.

आता जागा. किनाऱ्यावरचे मंडळ म्हटले की कार्यक्रम वाळूतच करायचा असे सगळ्यांच्या मनात येते, आणि पश्चिमेचे क्षितिज पाहायचे असेल तर ते योग्यही आहे. परंतु जमेल तेव्हा सड्यावर जा, असे मी सांगेन. गावामागचा जांभ्याचा उघडा सडा समुद्रापेक्षा उंच असतो, तिथे खारे तुषार पोहोचत नाहीत, माडांची आणि सुरूंची आड नसते, आणि चारही बाजू मोकळ्या मिळतात. पूर्वेला सह्याद्रीची रांग तेवढी थोडेसे क्षितिज खाते. उणीव एवढीच, की दिवसभर तापलेला कातळ सूर्यास्तानंतर दोन-तीन तास ऊब सोडत राहतो आणि तोपर्यंत दुर्बिणीतून ग्रह उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखे हलताना दिसतात. दिवसाचा खारा वारा पडून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुरू झाला आणि कातळ निवला, की साधारण दहानंतर चित्र स्थिर होते. म्हणून सड्यावर आधी नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखायची आणि दुर्बिणीचे काम उशिरा करायचे, असा क्रम ठेवावा. कातळावर फुरशी असतात, हे आपल्याला मी सांगायला नको. बंद बूट, हातात काठी, आणि बसायच्या जागेची उजेडी पाहणी केल्याशिवाय आम्ही एकाही मुलाला खाली बसू देत नाही.

वाळूत कार्यक्रम असेल तर तिथी निवडताना चंद्राइतकाच समुद्राचाही विचार करावा लागतो. आकाशनिरीक्षण अमावास्येला करावे असे सर्वत्र सांगितले जाते, आणि शहरातल्या मंडळांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत आठवा : तिथीची पाऊणपट. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी; पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमारास, नेमका कार्यक्रम रंगात आला असताना, पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. आम्ही एका फेब्रुवारीत हे विसरलो होतो. तिपाईचा एक पाय ओल्या वाळूत हळूहळू रुतत होता, म्हणून गुरू सारखा दृष्टिक्षेत्राबाहेर जात होता, आणि आम्ही स्क्रू आवळत बसलो होतो. कारण कळले ते चटईवर बसलेल्या बायका एकदम उठल्या तेव्हा. त्यानंतर किनाऱ्यावरचा कार्यक्रम आम्ही वद्य नवमी ते एकादशी या तिथींनाच ठेवतो. दशमीचा हिशेब करून पाहा : दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती संध्याकाळी साडेसातला होऊन गेलेली, अष्टमीचा भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी, नुकताच झाल्यामुळे पाणीही बेताचे, आणि पुढे मध्यरात्र उलटेपर्यंत ते मागेच हटत जाणार. चंद्र उगवतो तो मध्यरात्र टळल्यावर. मुलांना घरी सोडायलाही तो उजेड उपयोगी पडतो. सड्यावर मात्र अमावास्येसारखी रात्र नाही.

काय पाहावे, याविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. आपण दक्षिणेला आहोत म्हणून आपल्याला दक्षिणेचे तारे पुष्कळ जास्त दिसतात, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. रत्नागिरीचा अक्षांश १७ अंश, पुण्याचा साडेअठरा. फरक दीड अंशाचा. खरा लाभ मोकळ्या क्षितिजाचा आणि अंधाराचा आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास त्रिशंकू (सदर्न क्रॉस) दक्षिणेला सरळ उभा असतो, पण त्याचा सर्वांत खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम १० अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीएवढे ते अंतर आहे. शहरात तेवढ्या उंचीवर इमारती आणि दिव्यांचा पिवळा पट्टा असतो. सड्यावर तिथे आकाश असते. त्याच्या पूर्वेला नरतुरंगातला मित्र हा तारा, आणि तासाभराने त्याच नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ २५ अंशांपर्यंत चढतो. काळोख्या रात्री तो नुसत्या डोळ्यांना कापसाच्या पुसट ठिपक्यासारखा आणि १०×५० (दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्रीतून वाटोळ्या धुरकट गोळ्यासारखा दिसतो. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांच्या नशिबी तो नाही.

हिवाळ्यात अगस्त्य. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, सुमारे २० अंश उंचीवर असतो. व्याधानंतरचा तो सर्वांत तेजस्वी तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव असलेला तारा समुद्रालगत बसून मुलांना दाखवायला मिळतो, ही संधी मी कधी सोडत नाही. उत्तरेला ध्रुवतारा आपल्याकडे १७ अंशांवर, आणि हातातल्या कोनमापकाला दोरा व वजन बांधून मुलांनी ते मोजले की गावाचा अक्षांश त्यांना स्वतः काढता येतो.

पश्चिमेचे क्षितिज ही किनाऱ्याची दुसरी मिळकत. अमावास्येनंतरची पहिली, केसासारखी चंद्रकोर, संध्याकाळचा बुध, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये संधिप्रकाश विझल्यावर समुद्रातून तिरका वर चढणारा राशिचक्र प्रकाशाचा (ग्रहांमधल्या धुळीवर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा) फिकट सुळका, हे तिन्ही वाळूत बसून दिसतात. एप्रिल-मेमध्ये मात्र समुद्रावर धुरकट हवा साचते आणि सूर्यसुद्धा पाण्याला टेकायच्या आधीच विरून जातो. त्या दिवसांत कोर शोधायला मुलांना नेऊन त्यांचा हिरमोड करू नये. अलीकडे रात्री समुद्रात मासेमारीच्या नौकांचे प्रखर दिवेही असतात. त्याला इलाज नाही. दुर्बीण वर धरायची.

आता दुपारचा एक प्रयोग सांगतो, कारण मंडळ म्हणजे रात्रीचेच काम असे मानले की लहान मुले आणि मुलींचे पालक दूर राहतात. सूर्य मे महिन्यात आपल्या बरोबर डोक्यावरून जातो आणि त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वेंगुर्ल्याला हा दिवस ३-४ मेच्या सुमारास, रत्नागिरीला ८ मेच्या सुमारास आणि अलिबागला १४-१५ मेला येतो. वेळ दुपारी साडेबाराच्या किंचित पुढे. ऑगस्टमध्ये सूर्य परत येताना हाच दिवस दुसऱ्यांदा येतो, पण तेव्हा आपल्याकडे सावली कोणाचीच पडत नसते. आम्ही अलिबाग आणि वेंगुर्ले इथल्या दोन शिक्षकांना दूरध्वनीवर जोडून घेतले होते. अलिबागेत सावली शून्य असताना वेंगुर्ल्यात एक मीटर काठीची सावली ५ सेंटिमीटरला किंचित कमी भरली, आणि तीही दक्षिणेकडे, ज्यावर निम्म्या वर्गाचा विश्वास बसेना. त्या सावलीवरून कोन येतो पावणेतीन अंशांच्या थोडा वर. दोन्ही गावांतले दक्षिणोत्तर अंतर नकाशावर सुमारे ३१० किलोमीटर. आणि त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतो. आमच्या मुलांचे उत्तर दोन हजारांनी चुकले, कारण वेंगुर्ल्याची काठी पूर्ण उभी नव्हती. ओळंबा लावून पुन्हा करू, असे मुलांनीच सांगितले. यंदाची तारीख गेली. पुढच्या मेसाठी आत्ताच दुसरे गाव शोधून ठेवा.

नोंदवहीविषयी मी जरा आग्रही आहे. नुसते ‘पाहिले आणि आवडले’ यावर मंडळ दोन हिवाळे चालते, तिसऱ्या वर्षी तेच शनीचे कडे पुन्हा पाहायला कोणी येत नाही. आमचे मंडळ ज्या गोष्टीने सावरले ती म्हणजे मृगातला काक्षी (बीटलज्यूस) हा तांबूस तारा. २०१९च्या अखेरीस तो मंदावत चालल्याची बातमी आली तेव्हा आम्ही दर दोन-तीन रात्रींनी त्याची तुलना रोहिणीशी, आणि पुढे तो आणखी उतरल्यावर मृगाच्याच दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याशी करू लागलो. एरवी रोहिणीपेक्षा उजळ असणारा हा तारा फेब्रुवारी २०२० मध्ये तिच्याहून स्पष्ट मंद झाला होता, आणि हे सातवीतल्या मुलीच्या वहीत, कोणत्याही यंत्राशिवाय, तारखांसह उतरलेले आहे. काक्षीने बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ तयार होऊन तिने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला, असे स्पष्टीकरण पुढे मोठ्या दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून दिले गेले. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतल्या उल्का मोजणे हे असेच वहीचे काम आहे : चौघांनी चार दिशांना पाठ टेकून झोपायचे, पाचव्याने दर पंधरा मिनिटांचा आकडा लिहायचा. ऑगस्टचा ययातीचा उल्कावर्षाव प्रसिद्ध असला तरी कोकणात त्याचा कार्यक्रम जाहीर करू नका.

ऑगस्टवरून विजयदुर्ग आठवला, कारण आपली पहिली सहल तिथेच निघेल असा माझा अंदाज आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून निरीक्षण केले होते, तर लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला. ते विजयदुर्गाला खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे दाखवतात त्यांची सांगड त्या मोहिमेशीच लागते. कोकणातला माणूस तारखांवरूनच ओळखेल : ऑगस्टमध्ये विजयदुर्गावर सूर्य दिसेल या भरवशावर इंग्लंडहून कोण सामान घेऊन येईल? किल्ल्याचे महत्त्व यात कमी होत नाही, मुलांना मात्र खरी तारीख सांगावी. त्याच ओघात त्यांना हेही सांगा की भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे आपल्या खाडीपलीकडच्या, दापोलीजवळच्या मुरुडचे, जन्म १८५३.

आता ४० हजारांचा विनियोग. यंदा त्यातून तीन द्विनेत्री घ्या, ७×५० किंवा १०×५०, त्यापेक्षा जास्त वर्धनाच्या नकोत, कारण हातात स्थिर राहत नाहीत. एक फिरता तारानकाशा, लाल जिलेटीन लावलेल्या पाच-सहा विजेऱ्या, घट्ट डबे आणि सिलिका जेल. हिरवा लेझर घेतलात तर पाच मिलिवॅटच्या वरचा नको, तो फक्त एका मोठ्या माणसाच्या हातात असावा, आणि विमान दिसले की बंद. उरलेली रक्कम बँकेत राहू द्या, आणि एक पूर्ण हंगाम, म्हणजे ऑक्टोबर ते मे, सात-आठ मुले नियमित टिकली तर पुढच्या दसऱ्याला सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण, म्हणजे लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, घ्या. नळीच्या तळाशी खोल असल्यामुळे तिच्या आरशावर दव लवकर धरत नाही, तिला मोटार किंवा इलेक्ट्रॉनिक भाग नाहीत म्हणून खाऱ्या हवेत गंजायला कमी जागा मिळते, आणि बिघडली तर गावातला सुतार तिचा पाट दुरुस्त करू शकतो. ‘५२५ पट मोठे दाखवते’ असे खोक्यावर छापलेल्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणी कोणी भेट दिल्या तरी कार्यक्रमात ठेवू नका; भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपलीकडचे वर्धन निरुपयोगी असते, म्हणजे इथे १२० पट.

किनाऱ्यावर हायमास्टचे दिवे लागायचे असतील किंवा लागले असतील, तर त्याविषयी ग्रामपंचायतीत बोलताना आकाशाचे कारण पुढे करू नका, ते कोणी ऐकत नाही. वेळासच्या कासवांचे उदाहरण द्या. अंड्यातून निघालेली पिले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालू लागतात आणि किनाऱ्यावरचा दिवा त्यांना समुद्राऐवजी गावाकडे ओढतो, हे आता किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे समुद्राच्या बाजूच्या दिव्यांना वरून पत्र्याची झाकणे बसली ती याच मुद्द्यावर. दीक्षितांचा दाखला दिला असता तर अर्ज अजून फायलीत असता.

पावसाळ्यातल्या चार महिन्यांत आठवड्याला एक तास पुरे : फिरत्या तारानकाशावर तारीख लावून ‘आज ढग नसते तर काय दिसले असते’ हे सांगायचे, स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर चालवायचे, आणि कोनमापक बनवायचे. लांबचा एक कार्यक्रमही वहीत लिहून ठेवा : ३१ डिसेंबर २०२८च्या रात्री साधारण पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र खग्रास ग्रहणात असेल, आकाश हिवाळ्याचे असेल, आणि आपला किनारा पर्यटकांनी भरलेला असेल. त्या रात्री दुर्बिणीमागे उभी राहणारी मुले आज पाचवी-सहावीत आहेत.

पहिली रात्र कोजागिरीनंतरच्या वद्य दशमीची धरा. आठच्या सुमारास, भरती उतरू लागल्यावर, धनू रास आणि आकाशगंगेचा दाट भाग नैर्ऋत्येला समुद्राकडे झुकलेला असेल. तिथून सुरुवात करून देवयानीपर्यंत या. बरोबर द्विनेत्री नसतील तर माझ्याकडच्या दोन कळवल्यास पाठवतो, डब्यासकट. डबा मात्र परत हवा.